भिंतीअलीकडं लातूर, पलीकडं नांदेड

"वहिनी, ऐकलं का? वरच्या खोलीतली पोरगी काल मला काय म्हणाली माहितीय? 'काकू, गोलाई हा कोणत्या सरांचा क्लास आहे?'"

वहिनींच्या हातातली कैरी हातातच राहिली. "अगं माय माय! लातुरात येऊन वर्ष झालं की तिला!"

"वर्ष म्हंजे काय, अकरावी संपून बारावी लागली. हिंगोलीकडची हाय. पोरगी हुशार, वळणाची, नाव ठेवायला जागा नाही. पण तिचं लातूर केवढं? खोली, क्लास, कॉलेज, मेस आन् अभ्यासिका. त्याच्या पल्याड तिच्या लेखी समुद्र हाय, समुद्र."

आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी उंच. तिच्यावर आधी लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या की गावभरच्या बातम्या, एवढाच काय तो रोजचा प्रश्न. वहिनींचं माहेर नांदेडचं, ऐन वजिराबादेतलं. सासर लातूरचं, पण सासरला त्यांनी मनानं अजून सही दिलेली नाही. त्यामुळं भिंतीअलीकडं लातूर आणि पलीकडं नांदेड असा आमचा कारभार चालतो. त्यात जून लागला की बातम्यांना तोटा नसतो. दहावीचे निकाल लागलेले असतात. टमटममधून लोखंडी कॉट, गाद्या, कूलर, ज्वारीची पोती उतरत असतात. गेटागेटावर 'रूम भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी' अशा पाट्या लटकतात. बाप बाहेर भाड्याची घासाघीस करत असतो, आई आत जाऊन नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारते आणि पोरगी नुसती भिंतीतला चार्जिंगचा प्लग कुठं आहे ते बघते.

"मग तुम्ही काय सांगितलं तिला?" वहिनींनी विचारलं.

"काय सांगणार? म्हटलं, बाई, गोलाई हा क्लास नाही, ती आपल्या गावाची बेंबी हाय. मधोमध अंबाबाईचं देऊळ, त्याच्याभोवती गोल बाजार आन् त्या गोलातून सोळा रस्ते फुटलेले. सराफा, कापड, चपला, मिरच्या, गूळ, ज्याला जे पाहिजे त्यानं तो रस्ता धरावा. नव्या माणसानं एकदा डोकं फिरवून घेतलं की आपण कोणत्या रस्त्यानं आत आलो तेच सापडत नाही."

"आन् ती काय म्हणाली?"

"म्हणाली, 'काकू, तिथं झेरॉक्स स्वस्त मिळतं का?'"

वहिनी इतक्या हसल्या की परातीतल्या दोन फोडी आमच्या अंगणात आल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "तुमच्या पोरींचं हे असं. आन् आमचा भाचा बघा. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकला, आता जपानात हाय, त्सुकुबा म्हणून गाव हाय तिथं. टोकियोच्या बाजूला, रेल्वेनं पाऊण तास. रोज फोटो. आज हा डोंगर, उद्या ते देऊळ, परवा सायकल."

"अभ्यास करतो का नुसता फिरतो?"

"दोन्ही करतो. तिथलं विद्यापीठ लांबच्या लांब पसरलंय म्हणे, पोरं एका वर्गातून दुसऱ्या वर्गाला सायकलवर जातात. सायकलीची सुद्धा सरकारदरबारी नोंद करावी लागती. आन् गाव बी काही लई जुनं नाही. आधी शेती न् झाडी. 1963 ला त्यांच्या सरकारनं ठरवलं, टोकियोतली गर्दी कमी करायची, संशोधनाच्या संस्था तिकडं हलवायच्या. 1973 ला विद्यापीठ काढलं, 1985 ला मोठं जागतिक प्रदर्शन भरवलं. टोकियोहून थेट रेल्वे आली ती मात्र 2005 ला."

"म्हंजे विद्यापीठ आधी, रेल्वे बत्तीस वर्षांनी? मग मराठवाड्यातलंच गाव म्हणा की!"

"तर काय! आपल्या दोन गावांत अजून सरळ रेल्वे नाही. एसटीनं आष्टामोड, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा, की आलं नांदेड. रेल्वेनं जायचं म्हटलं तर परळी-परभणीला प्रदक्षिणा घालून या."

"डोंगर कसा हाय तिथला?"

वहिनींनी आवाज खाली घेतला. खास बातमी असली की त्या असंच करतात, मग ती बातमी जपानची का असेना. "डोंगराला दोन शिखरं हायेत. एक नवरा, एक बायको. दोघांची बी देवळं. आन् बायकोचं शिखर सहा मीटरनं उंच हाय! 877 मीटर. नवऱ्याचं 871."

"बरोबर हाय. कुठं का जाईना, संसाराची रीत एकच."

"आन् त्या डोंगरावर प्रसिद्ध काय, तर बेडकाच्या तेलाचं मलम. पूर्वी विकणारे तलवारीनं स्वतःचाच हात कापून, वर मलम लावून दाखवायचे म्हणे. आता नुसता खेळ करून दाखवतात. भाचा म्हणाला, 'आत्या, पाठवू का एक डबी?' म्हटलं, तुझी डबी तुलाच लखलाभ होवो, इथं आमच्याकडं हळद हाय."

मला मात्र बेडकापेक्षा दुसऱ्याच गोष्टीत रस होता. "त्याला खोलीचं भाडं किती पडतं वो?"

"भाड्याचं सोडा. तिकडं पुष्कळ ठिकाणी भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं आन् वर घरमालकाला आभाराचे पैसे वेगळे! तुम्ही मला खोली दिली म्हणून उपकार झाले, असे. परत मिळत नाहीत ते."

मी भिंतीला हात टेकवून उभी राहिले. इतकी वर्षं खोल्या भाड्यानं दिल्या. वर येणाऱ्या पोरींच्या आया डिपॉझिटमधून पांढऱ्या चुन्याचे सुद्धा पैसे वळते करून घेतात. आणि तिकडं उपकार झाले म्हणून पैसे! "वहिनी, आपण दोघी चुकीच्या देशात घरं बांधून बसलो."

"घ्या मग तुम्ही बी! लातूर पॅटर्नमधी एवढंच राहिलं होतं."

हे बोलणं मला लागलं. लातूर पॅटर्नला कुणी बोललं की मला लागतंच. मी म्हटलं, "पॅटर्नला नाव ठेवू नका. दयानंद कॉलेज 1961 चं, राजर्षी शाहू 1970 चं. तेव्हा लातूर साधा तालुका होता. जिल्हा झाला 1982 ला. त्याआधी आपण उस्मानाबादचे. मोठा कारखाना नाही, बंदर नाही, पाऊस बी धड नाही. मग गावानं पिकवलं काय? मार्क पिकवले. धडा झाला की पेपर, पेपर झाला की चुका दाखवायच्या, चुका सुधारल्या की परत पेपर. वर्ष संपायच्या कितीतरी आधी सिलॅबस संपवायचा आन् पुढं निस्ता सराव. मास्तर सुट्टीच्या दिवशी शिकवायचे, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना आधी खरंच वाटलं नाही. गुणवत्ता यादीत आपली नावं दिसायला लागली तेव्हा वाटलं."

"आन् त्या शाहू कॉलेजच्या वाघमारे सरांना शेवटी बोलावलं कुठं? नांदेडला! 1994 ला, 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावानं विद्यापीठ निघालं. पहिले कुलगुरू कोण? जनार्दन वाघमारे."

"म्हंजे तुमच्या विद्यापीठाला माणूस आमचाच लागला."

"आन् तुमच्या पोरांच्या डिग्रीवर नाव कुणाचं असतं? आमचंच."

एक-एक गोल झाला. खेळ बरोबरीत सुटला की आम्ही चहा घेतो. वहिनींनी भिंतीवरून कप दिला. वर जिन्यात कुणीतरी मोठ्यानं गतीची समीकरणं पाठ करत होतं. माझ्या वरच्या मजल्याला आता समीकरणांचाच वास येतो. आरशाच्या वरच्या कोपऱ्यात सूत्रं चिकटवलेली, त्यामुळं वेणी घालताना भांग दिसत नाही पण भौतिकशास्त्र दिसतं. बाथरूमच्या दाराला आतून आवर्तसारणी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, भिजू नये म्हणून. पहाटे साडेचारला एकीचा गजर वाजतो. तो बंद झाला की दुसरीचा. दोघींनाही जाग येत नाही, मला येते. रात्री नऊला घरून फोन येतो. 'जेवलीस का' आणि 'टेस्टला किती पडले' हे दोनच प्रश्न. किती पडले ते जिन्यातल्या आवाजावरून मला खाली कळतं. 720 पैकी सहाशेच्या वर असतील तर आवाज जिन्यात येतो, खाली असतील तर खोलीचं दार लागतं.

"तुम्हाला सांगते," वहिनी म्हणाल्या, "माझ्या माहेरी बी आता हेच हाय. श्यामनगर, भाग्यनगर, जिकडं बघावं तिकडं क्लास न् होस्टेल. पण नांदेडात लेकरू कितीबी कोंडून घातलं तरी गाव त्याच्या कानावर येतंच. गुरुद्वारा हाय ना. 1708 ला गुरू गोविंदसिंगजी तिथंच ज्योतीत विलीन झाले. आताची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी बांधवून घेतली, 1832 ते 37 मधली. रोज भल्या पहाटे एक सेवेकरी गोदावरीवर जातो, घागरीत पाणी भरतो आन् चालत गुरुद्वाऱ्यात नेतो. थंडी असो, पाऊस असो. अभ्यासाला उठलेल्या पोरानं खिडकी उघडली तर त्याला कळावं, आपल्या आधी उठणारं बी कुणीतरी हाय."

"आन् पोटाचं?"

"लंगर हाय की! कोण तू, कुठला, कोणत्या जातीचा, किती मार्क, कुणी विचारत नाही. पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढं करून पोळी घ्यायची. आमच्या नांदेडातून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस आठवा, वाटेत स्टेशनांवर लोक फुकट जेवण घेऊन उभे असतात. मेस बंद पडलेल्या दिवशी लेकरू उपाशी झोपलं, असं नांदेडात होऊच शकत नाही."

यावर मला बोलता येईना. लंगरपुढं निलंगा राइस मांडला तरी तो विकतचाच. म्हणून मी दुसरीकडून आले. "अभ्यासाचं बोला. तुमच्याकडं पुस्तकाबाहेर वाचणारी माणसं होती ती कुठं गेली? पीपल्स कॉलेज 1950 ला स्वामीजींनी उभं केलं. तिथं नरहर कुरुंदकर प्राचार्य होते. इतिहास म्हणा, नाटक म्हणा, राजकारण म्हणा, संगीत म्हणा, त्या माणसानं काय सोडलं होतं? त्या गावात आता पोरं चार पर्यायांतला एक गोळा काळा करायलेत."

"तुमच्याकडं काय वेगळं करायलेत?"

"वेगळं काही नाही. म्हणून तर बोलायले."

खरं म्हणजे दोघींचंही दुखणं एकच होतं आणि ते दोघींनाही ठाऊक होतं. वहिनींचा भाचा परक्या मुलखात जाऊन त्या मुलखाच्या नवरा-बायकोच्या भांडणापर्यंत पोचला. आमच्या वरची पोरगी दीड-दोनशे किलोमीटरवरून आली आणि तिला गोलाई ठाऊक नाही. अभ्यास त्यालाही आहे, तिलाही आहे. फरक असा, की त्याला त्या गावात राहायला पाठवलंय आणि हिला फक्त परीक्षेला.

"नीटची परीक्षा झाल्यावर बघतील की गाव," वहिनी म्हणाल्या. पण त्या उगं म्हणायच्या म्हणून म्हणाल्या.

"कधी बघतील? पेपर रविवारी. सोमवारी सकाळी बाप टमटम घेऊन दारात. गादी गुंडाळली, सूत्रं फाडली, 'काकू येते', संपलं. दोन वर्षं या गावात राहिली आन् औशाचा किल्ला बघितला नाही, उदगीरचा नाही, खरोशाची लेणी नाहीत. सहाव्या शतकातली लेणी, दगड कोरून आत गाभारे काढलेत. वाटेत गाडी थांबवून वर चढायचं, एवढंच. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची जत्रा भरती, सगळं गाव तिथं असतं, ह्या पोरी अभ्यासिकेत नंबरच्या खुर्चीवर. उजनीची बासुंदी हायवेवर मिळती, ती बी ह्यांनी खाल्ली नाही. उद्या ह्या डॉक्टर होणार. 'लातूरला शिकले' म्हणून सांगणार. कुणी विचारलं, कसं हाय लातूर, तर काय सांगतील? भाडं किती ते!"

"आमच्याकडं बी तेच. पावसाळ्यात सहस्रकुंडाचा धबधबा असा कोसळतो, पैनगंगा दगडावरून धाडकन खाली. लोक यवतमाळहून बघायला येतात. मार्गशीर्षात माळेगावला खंडोबाची यात्रा भरती, घोडे, उंट, गाढवं, तमाशाचे फड. लातूर-नांदेडच्या रस्त्यावरच हाय. एसटी तिथून जाती. पण लेकराच्या कानात हेडफोन, त्यात सरांचं लेक्चर."

"एकदाच ह्या गावानं त्यांना आपलं धरलं," मी म्हटलं. "2016 ला."

वहिनींनी मान हलवली. तो उन्हाळा दोघींनाही आठवतो. मांजरा धरणात पाणी उरलं नव्हतं. टँकर आणि टाक्यांच्या आसपास भांडणं व्हायला लागली म्हणून जमावबंदी लावावी लागली. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. 12 एप्रिलला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली. 342 किलोमीटरवरून प्यायचं पाणी! जुन्या लोकांना ह्याच मिरज-लातूर मार्गावरची बार्शी लाइटची छोटी गाडी आठवली. तिच्यातून माणसं यायची, आता पाणी आलं.

"त्या वर्षी वरच्या पोरी माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहायच्या," मी सांगितलं. "एका हातात घागर, दुसऱ्या हातात जीवशास्त्र. गल्लीतल्या बायकांची नावं त्यांना तेव्हा पाठ झाली. कुणाच्या सुनेचं काय चाललंय ते माझ्याआधी त्यांना कळायचं. त्यातली एक आता डॉक्टर झाली. दिवाळीला फोन करती. मार्कांचं एक अक्षर काढत नाही. विचारती काय, 'काकू, पाणी येतं का?'"

वहिनी थोडा वेळ गप्प कैऱ्या कापत राहिल्या. मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग तुम्ही आभाराचे पैसे घ्याच."

"म्हंजे?"

"पैसे नका घेऊ. खोली देताना सांगायचं, भाडं इतकं, डिपॉझिट इतकं आन् आभाराचे दोन दिवस. एक दिवस लातूरचा, एक नांदेडचा. तुमच्या दिवशी गोलाई, खरोसा, येताना बासुंदी. आमच्या दिवशी सकाळी माळेगाव, दुपारी लंगर, संध्याकाळी गोदावरी. धपाटे मी करून देते. परत मिळणार नाहीत, असं आधीच सांगून टाकायचं."

मला हे इतकं पटलं की मी लगेच जिन्याकडं तोंड करून हाक मारली. पोरगी खाली आली. हातात स्टीलचा डबा, बोटांना काळ्या शाईचे डाग, डोळ्यांवर चष्मा. सगळं ऐकून घेतलं. गोलाई, लेणी, बासुंदी. बासुंदीला डोळे जरा मोठे झाले. मग म्हणाली, "येते काकू. पण रविवारी टेस्ट असती."

"शनिवारी?"

"शनिवारी डाउटचा तास."

"मग सुट्टी कधी असती तुम्हाला?"

तिनं डोक्यातल्या डोक्यात हिशेब केला. "पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर रिकामं असतंय." जिन्याच्या दोन पायऱ्या चढली आणि परत वळली. "पण काकू, बाकीच्या सगळ्या येणार असतील तर. मी एकटीच आले तर त्या तेवढ्या वेळात एक पेपर सोडवून पुढं जातील."

ती वर गेली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. तिचं चुकलं म्हणायला तोंड नव्हतं. एका पोरीनं पुस्तक मिटलं तर ती मागं पडते. सगळ्यांनी एकाच दिवशी मिटलं तर कुणीच पडत नाही. दोष पोरींचा नव्हता, सगळ्यांना एकदम उठवणारं कुणी नव्हतं.

"मग सगळ्यांनाच उठवू," वहिनी म्हणाल्या. "पंधरा ऑगस्टला आपल्या गल्लीतल्या सगळ्या खोल्यांना दुपारी कुलूप. मागच्या गल्लीत बी. खाडगाव रोडला बी. उद्योग भवनाकडच्या अभ्यासिकांपर्यंत बातमी गेली पाहिजे. कुणाचीच पोरगी आत राहायला नको."

"एवढ्या घरमालकिणींना सांगत कोण फिरणार? चिठ्ठ्या छापायच्या का?"

वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी लातुरात कालच आले. मग कोपऱ्यावरच्या घराकडं तोंड करून त्यांनी हाक मारली. कोपऱ्यावरच्या मामी दाराबाहेर आल्या, पदर खोचला आणि भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. वहिनी पुढं झुकल्या, आवाज एकदम खाली आणला आणि म्हणाल्या, "मामी, एक गोष्ट सांगते. पण हे कुणाला सांगू नका हं."

संध्याकाळी दूधवाल्यानं मला विचारलं, "काकू, पंधरा ऑगस्टला दूध किती जास्त टाकू? सहलीला चहा लागंल ना?"